प्लास्टिकच्या पार्टवरचा रंग तडकू नये म्हणून

बंपर रंगवून नेलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी कुरकुरत परत येतो, तेव्हा तक्रार ठरलेली असते. एक तर रंगाचा पापुद्रा सुटलेला असतो, नाहीतर कोपऱ्यांत भेगा पडलेल्या असतात. पापुद्रा का सुटला ते आता बहुतेकांना कळतं, प्लास्टिकचा प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा खालचा थर, मारलेला नसतो. भेगांचं कारण विचारलं तर मात्र ‘रंग डुप्लिकेट होता’ असं ठोकून दिलं जातं. माझ्याकडे तडकलेले जे बंपर येतात त्यांतल्या बहुतेकांवर रंग चांगलाच असतो. फक्त तो फार असतो, आणि त्याच्या खाली जे नको ते दडपलेलं असतं.

मी आधी चाकणला बंपर रंगवायच्या लाइनवर कामाला होते. आता मिरजेत आमचं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंग आहे. ठोकाठोकी हे करतात, गन माझ्या हातात. गिऱ्हाईक रंगाचा प्रश्न ह्यांच्याकडे बघून विचारतं आणि उत्तर मी देते, त्याची आता दोन्ही बाजूंना सवय झाली आहे. सांगायचं असं, की कारखान्यातून निघालेल्या बंपरवर प्रायमर, बेस (मुख्य रंग) आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा थर असतो. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, किंवा त्याहून कमी. गॅरेजमध्ये दुरुस्त झालेल्या बंपरवर जुना रंग, लांबी (खळगे भरायची पुट्टी), सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर), नवा रंग, वर दोन हात जास्तीचं क्लिअर असं सगळं धरून याच्या तिप्पट-चौपट सहज भरतं. पत्रा हे ओझं वागवतो. प्लास्टिक नाही वागवत.

का नाही, ते आकड्यांत बघा. पहाटे २० अंशांवर असलेला काळा बंपर दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापतो. दीड-पावणेदोन मीटरचा प्लास्टिकचा तुकडा मोकळा ठेवला तर एवढ्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. तेवढाच पत्रा एक मिलिमीटरही लांबत नाही. रोज लांबायचं आणि रोज आखडायचं. त्यात पार्किंगमध्ये कुणाचा तरी गुडघा लागतो, गतिरोधकावर खालची कड घासते, बंपर आत जाऊन बाहेर येतो. पातळ थर याच्याबरोबर वाकतो. जाड थर वाकत नाही, तो तुटतो.

भेग आधी वाचा

काम हातात घेण्याआधी भेग कशी आहे ते नीट बघते, कारण प्रत्येक भेगेचं मूळ वेगळं असतं.

रंग मारल्यावर काही मिनिटांत केसासारखी बारीक जाळी उठली, तर थिनरने प्लास्टिकलाच खाल्लेलं असतं. हे एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकवर होतं: आरशाची कव्हरं, पुढच्या जाळीच्या पट्ट्या, डिकीवरचे स्पॉयलर. पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या, बंपरवर असं सहसा होत नाही. एबीएस साच्यात ओतताना त्यात ताण अडकून राहतो, विशेषतः कोपऱ्यात आणि स्क्रूच्या बुंध्याशी. तिथे कडक थिनर लागला की तो ताण चिरा होऊन बाहेर पडतो. प्लेटिंगवाले लोक एबीएसचा तुकडा तपासायला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवतात. जिथे ताण आहे तिथे पांढऱ्या रेघा उमटतात. आपण गॅरेजमध्ये हा उद्योग करायचा नाही. पण थिनरने ओलं केलेलं फडकं एबीएसवर रगडताना नेमकं तेच करत असतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

काही आठवड्यांनी, वळणावर किंवा फॉगलाइटच्या कोपऱ्याशी लांब सरळ भेगा दिसल्या, तर थर जाड आहे किंवा खाली कडक लांबी आहे. भेगा मोठ्या, तुकड्यातुकड्यांच्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या असतील, तर सरफेसर किंवा रंग एकाच हातात ओतलेला आहे. वरचं सुकलं, खालचं ओलं राहिलं, मग खालचं आखडताना वरचं फाटलं. आणि दुसरा हात मारल्या मारल्या रंग सुरकुतला, तर खालचा थर अर्धवट सुकलेला होता किंवा त्याची आणि वरच्याची जातच जुळत नव्हती.

भेगा कुठवर गेल्यात ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं एकदा फिरवा आणि बाजूने उजेड धरून बघा. पृष्ठभाग झटकन सुकतो, भेगेतलं ओलं मागे राहतं आणि तिथे गडद रेघ दिसते. जिथपर्यंत रेघ आहे तिथपर्यंत रंग काढायचा, आणि पुढे चार बोटं अजून. तडकलेल्या रंगावर नवीन रंग मारून भेग बुजत नाही. ती महिनाभरात त्याच नकाशाने वर येते.

प्लास्टिक कुठलं

आपल्याकडे प्लास्टिकच्या सगळ्याच पार्टना ‘फायबर’ म्हणायची रीत आहे. बोलायला ठीक, रंगवायला नाही. खरं फायबर, म्हणजे काच आणि रेझिनचं एफआरपी, बसच्या तोंडाला किंवा हाताने बनवलेल्या स्कर्टला असतं. ते कडक असतं आणि नेहमीची लांबी नि प्रायमर नीट धरतं. आजच्या गाड्यांचे बंपर बहुतेक पीपी आणि ईपीडीएम रबराच्या मिश्रणाचे असतात, आणि त्यांना नुसता रंग चिकटतच नाही.

पार्ट उलटा करा. मागच्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये इंग्रजी अक्षरं उठावात असतात. पीपी, ईपीडीएम, एबीएस, पीसी, पीए अशी. पुढे टी२० किंवा टीडी२० असेल तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे असं समजायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण ‘तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पीपी’ ही परीक्षा सगळीकडे सांगितली जाते. निव्वळ पीपी तरंगतो हे खरंच. पण २० टक्के टाल्क घातलेला पीपी पाण्यापेक्षा जड होतो आणि एबीएससारखाच तळाला जातो. बंपर बुडाला म्हणून एबीएस समजलात, तर प्लास्टिकचा प्रायमर गाळाल आणि रंग सालीसारखा निघेल.

अक्षरंच नसतील, लोकल पार्टवर बऱ्याचदा नसतात, तर मागच्या कडेची बारीक कात्रण काढून उघड्यावर चिमट्यात धरून पेटवायची. पीपी मेणबत्तीसारखा वास देत, थेंब गाळत जळतो, धूर थोडा. एबीएस काळा काजळीचा धूर सोडतो. धूर नाकात ओढायचा नाही, नुसतं बघायचं. पीए म्हणजे नायलॉन. व्हीलकॅपमध्ये कधीकधी सापडतं. ते पाणी पितं, म्हणून धुतल्यावर उन्हात चांगलं सुकवल्याशिवाय त्याला हात लावत नाही.

जुना रंग, आणि लांबीचा मोह

कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल तर तो काढू नका. त्याच्याइतका भरवशाचा पाया तुम्हाला गॅरेजमध्ये करता येणार नाही. कारखान्यात बंपरवरून निळी ज्योत झरकन फिरवतात, त्याने पीपीचा वरचा पदर रंग धरण्याजोगा होतो, मग प्रायमर बसतो. (हे घरी लायटरने करून बघू नका, कडा वितळते आणि आतून ठिसूळ होते.) शाबूत रंग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने नुसता मंद करायचा आणि त्यावर काम करायचं. शाबूत आहे का ते बघायला ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा, चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर तेवढा भाग प्लास्टिकपर्यंत मोकळा करायचा.

रंग काढायला पेंट रिमूव्हर नको. पत्र्यासाठीचा रिमूव्हर प्लास्टिक मऊ करतो, एबीएसला तर चिकटच करून टाकतो. घासूनच काढायचं: १८० ने सुरुवात, मग ३२०, शेवटी ५००. पीपीवर ८० नंबरचा कागद लावला की प्लास्टिकला लव सुटते, ती वर रंगात काट्यासारखी उभी राहते आणि मग ती झाकायला माणूस अजून सरफेसर ओततो. जाडी वाढते ती अशी, एकेका चुकीवर पांघरूण घालत.

आता लांबी. फाटलेल्या बंपरला आतून गरम पिना बसवून किंवा प्लास्टिक वेल्डिंगने जोडतात, हे बरोबर आहे. पण बाहेरून वर पत्र्याची पॉलिस्टर लांबी थापतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ती लांबी सुकली की दगड. बंपर वाकला की ती कडेने सुटते आणि तिची सीमारेषा रंगात जशीच्या तशी उमटते. प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी वेगळी मिळते, महाग असते, आणि तीही खळगा भरण्यापुरतीच वापरायची. नखाला न लागेल एवढा आकार आला की थांबायचं. बंपर इतका फाटला असेल की तळहाताएवढी लांबी लागणार, तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगते की नवीन किंवा जुन्या बाजारातला चांगला बंपर आणा. मजुरी आणि सामान धरलं तर पैशातही फारसा फरक राहत नाही.

नंबर प्लेटची किंवा सेन्सरची भोकं पाडायची असतील तर तीही आत्ताच, रंगाआधी.

धुणं

नव्या बंपरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं रिलीज एजंट असतं. जुन्यावर पॉलिशचं सिलिकॉन. दोन्ही थिनरने जात नाहीत, पसरतात. आधी कोमट पाणी आणि भांड्याचा साधा साबण, राखाडी रंगाच्या स्कॉचब्राइटने चांगलं चोळून, भरपूर पाण्याने धुवायचं. पूर्ण सुकलं की मगच पुसायचं द्रव्य: पीपीला प्लास्टिक क्लीनर, एबीएसला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं, ओलं सुकायच्या आत कोरड्याने उचलून घ्यायचं. पेट्रोलने पुसायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. पेट्रोल उडून गेलं तरी मागे तेलाचा पुसट थर ठेवतं.

न रंगवलेल्या खरखरीत काळ्या पट्ट्या, चाकांवरच्या क्लॅडिंगच्या, कुणी रंगवायला आणल्या तर मी आधी विचारते की त्यांवर काळं करायचं पॉलिश किती वर्षं मारलं. ते त्या दाण्यांमध्ये इतकं मुरलेलं असतं की दोन-तीनदा धुऊनही निघत नाही. अशा कामाची गॅरंटी मी देत नाही.

कोरड्या फडक्याने प्लास्टिक रगडलं की ते धूळ ओढायला लागतं. शेवटचं पुसणं ओलसर फडक्याने, हलक्या हाताने, आणि त्यानंतर पार्टला बोट लावायचं नाही.

प्रायमर: ओला दिसला म्हणजे जास्त झाला

उघडं पीपी दिसेल तिथे प्लास्टिक प्रायमर, म्हणजे ॲडहिजन प्रमोटर, लागतोच. तो बिनरंगी किंवा चंदेरी असतो. त्यातलं क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन एका बाजूने पीपीला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतं. नेमकं इथेच माणसं जास्त मारतात, कारण बिनरंगी आहे, दिसत नाही, म्हणून अजून एक हात. हा थर पाच-दहा मायक्रॉनचाच असायला हवा. जाड झाला की तो स्वतःच मऊ राहतो, आतला थिनर अडकतो, आणि वरचा सगळा रंग त्या मऊ गादीवर उभा राहतो. वर कडक, खाली मऊ, म्हणजे तडा ठरलेला.

एक हलका हात, पाच मिनिटं थांबून दुसरा हलका हात. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, सोडून लगेच पुढचा थर. हा प्रायमर घासायचा नसतो. रात्रभर ठेवून सकाळी रंग मारायचा विचार असेल तर डब्यावरची मुदत वाचा. ती उलटून गेली असेल तर पुन्हा एक हलका हात.

एबीएसला प्रमोटर लागतोच असं नाही. ६०० ने घासून त्यावर पातळ टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, प्रायमर चालतो, फक्त त्यात सौम्य थिनर हवा आणि पहिला हात जवळजवळ कोरडा, फवाऱ्यासारखा. त्याने पापड धरला की मग दुसरा नेहमीसारखा. पहिलाच हात ओला मारलात तर वर सांगितलेली केसाची जाळी समोरच उठेल.

बेस आणि क्लिअर

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला अजून कित्येक जण डुको म्हणतात, प्लास्टिकवर नको. स्वस्त आहे, झटपट सुकतो, पॉलिश मारलं की चकाकतो. पण जुना होत जातो तसा ठिसूळ होतो आणि बंपरच्या वाकण्यापुढे टिकत नाही. बेस आणि वर टू-के पॉलियुरेथेन क्लिअर, हेच घ्या.

बेसचा रंग झाकला गेला की थांबायचं. पांढरा, पिवळा, लाल यांचं झाकण कमी असतं आणि माणूस सहा-सहा हात मारत बसतो. त्यापेक्षा खाली त्या रंगाला जुळणाऱ्या छटेचा प्रायमर मारला तर दोन-तीन हातांत काम होतं. प्रत्येक हातानंतर पृष्ठभाग मंद, बिनचकाकीचा होईपर्यंत थांबायचं. घड्याळ बघण्यापेक्षा मास्किंग टेपवर पडलेल्या रंगाला बोट लावून बघावं. बोटाबरोबर तार सुटत असेल तर अजून थांबा.

क्लिअरला हार्डनरचं माप डब्यावर असतं, दोनास एक किंवा चारास एक. खुणेच्या कपानेच मोजायचं. ‘लवकर सुकावं’ म्हणून हार्डनर जास्त ओतला की थर काचेसारखा होतो, आणि काच वाकत नाही. कमी ओतला तर थर महिनोन्‌महिने कच्चा राहतो. पातळ करायला त्याच कंपनीचा टू-के थिनर. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असतं, ते हार्डनरशीच लागतं आणि क्लिअरला पुरा हार्डनर मिळत नाही. काउंटरवरचा माणूस ‘चालतंय की’ म्हणेल. चालत नाही.

फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे थर लवचीक करणारं द्रव्य, घालायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मऊ, खूप वाकणाऱ्या पार्टवर घालते, डब्यावरच्या प्रमाणात, क्लिअरमध्ये. नेहमीच्या बंपरवर चांगलं क्लिअर पातळ मारलं तर त्याशिवाय भागतं. लोक मात्र ॲडिटिव्ह घालून निर्धास्त होतात आणि चार हात क्लिअर मारतात. मग त्या बाटलीचा काय उपयोग?

क्लिअर दोन हात. पहिला मध्यम, दहा मिनिटांनी दुसरा भरून. सुकल्यावर ४० ते ५० मायक्रॉन मिळतं, तेवढं पुरे. माझी गन १.३ मिलिमीटर नोझलची, दाब साधारण २ बार, अंतर वीतभर. पत्र्याची जाडी मोजायचं मीटर प्लास्टिकवर काहीच दाखवत नाही, त्याला वेगळं अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं आणि ते आपल्यासारख्यांना परवडत नाही. म्हणून कपात किती ओतलं ते लिहून ठेवायचं. दर बंपरला तेवढंच लागतं का बघायचं. एखाद्या दिवशी दीडपट लागलं, तर कुठेतरी जाड बसलंय.

जाड बसतं ते ठरलेल्या जागी. जाळीच्या पट्ट्यांवर चारही बाजूंनी गन फिरते, म्हणून प्रत्येक पट्टीला चौपट रंग मिळतो. फॉगलाइटच्या खोबणीत फवारा उलटून परत बसतो. अशा जागा आधी हलक्या हाताने उरकून घ्यायच्या आणि सपाट भाग मारताना तिथे गन न्यायची नाही. पार्किंग सेन्सरच्या टोप्या वेगळ्या काढून, एकच पातळ हात. बंपरच्या मागे रडार असलेल्या नव्या गाड्यांमध्ये थर किती चालतो ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं. तिथे अंदाजाने काम करू नका.

स्प्रेच्या डब्याने घरी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायचं थोडंच आहे. गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवायचं. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, आणि पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. डबे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या. एनॅमलवर लॅकर मारलं की लॅकरचा थिनर खालचा एनॅमल उचलतो आणि सगळं सुरकुततं. बऱ्याच एनॅमल डब्यांवर लिहिलेलं असतं की दुसरा हात तासाभराच्या आत, नाहीतर एक-दोन दिवसांनी. मधल्या वेळेत मारला की सुरकुत्या नाहीतर भेगा. ही ओळ बारीक अक्षरात असते आणि कुणी वाचत नाही. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. ५० अंशांवर डबा फुटू शकतो, त्यामुळे शेगडीजवळ किंवा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, मग ते गनमध्ये असो वा बुडाशी बटण असलेल्या टू-के डब्यात. त्याचा वास फारसा जाणवत नाही, म्हणून तोंडाला रुमाल बांधून काम करणारे अजून आहेत. रुमालाने किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही. कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने ते घेतलं की पुढे थोड्या वाफेनेही छाती भरते. बाहेरची हवा पुरवणारा मास्क सगळ्यांत चांगला, निदान सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, चष्मा. घराच्या बाल्कनीत टू-के मारू नका. आत लहान मुलं असतात.

हवा

पार्ट आणि रंग दोन्ही २० ते ३० अंशांवर असावेत. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, विदर्भात त्याच्याही वर. अशा दिवसांत रंग सकाळी लवकर मारते आणि थिनर, हार्डनर मंद वापरते, नाहीतर वरचा पापड लगेच धरतो आणि खालचा थिनर आत कोंडतो. उन्हात ठेवलेला बंपर सरळ आत आणून त्यावर गन चालवायची नाही. हाताला गार लागेपर्यंत थांबायचं.

पावसाळ्यात हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर काम पुढे ढकलते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडते, पावसाळ्यात दुपारी पुन्हा. कोकणातल्या गॅरेजवाल्यांना हा त्रास आमच्या दुप्पट. गणपतीच्या आधी गाडी चकाचक हवी म्हणून गिऱ्हाईक आणि वरून पाऊस, दोन्ही एकदम कोसळतात.

वाळवणं आणि बसवणं

लॅम्प किंवा बूथ असेल तर शेवटच्या हातानंतर पंधरा मिनिटं तसंच ठेवून मग ६० अंशांवर अर्धा तास. त्याच्या वर नेऊ नका. बंपरला मधे टेकू द्या, नाहीतर तापल्यावर तो झोळी होतो आणि तो वाक तसाच राहतो. लॅम्प नसेल तर सावलीत पूर्ण एक दिवस. गिऱ्हाईक संध्याकाळीच गाडी मागतं. द्यायची नाही.

बंपर क्लिपांमध्ये बसवताना जेवढा वाकतो तेवढा नंतर रस्त्यावर क्वचितच वाकतो. म्हणून तो थंड्या पहाटे बसवायचा नाही. दुपारी, पार्ट हाताला कोमट लागत असताना, दोघांनी धरून. एकट्याने एक टोक बसवून दुसरं ओढत नेलं की मधल्या वळणावर नवा थर ताणला जातो, आणि तिथली भेग पंधरा दिवसांनी दिसते.

स्क्रूखाली प्लास्टिकचा वायसर घालायचा आणि हाताने घट्ट करायचा, इलेक्ट्रिक गनने नाही. स्क्रूचं डोकं रंगात रुतलं की भोकाच्या कडेपासून चांदणीसारख्या चिरा फुटतात. भोक पाडायचं आधी राहून गेलं असेल तर पूर्ण दोन दिवस थांबा. त्या जागी मास्किंग टेप लावून, लाकडी ठोकळा मागे धरून, आधी बारीक ड्रिल आणि मग मोठं चालवा. भोकाची उघडी पडलेली कड ८०० च्या कागदाने गोल करा आणि बारीक कुंचल्याने थोडं क्लिअर लावा. महिनाभर वॅक्स नको, आणि सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पाइपचं तोंड बंपरच्या कडेजवळ आणू देऊ नका.